हॉरर पिक्चर संपल्यावरही डोक्यातून जात नाही, तो नेमका कशामुळे?

रातकिडा:
मंडळी, एक विचारायचं होतं. दार करकरलं, आरशात कोणीतरी दिसलं, एकदम मोठा आवाज झाला की सगळेच दचकतात आणि दोन मिनिटांनी परत पॉपकॉर्न सुरू. पण काही पिक्चर असे असतात की त्यांचा त्रास संपल्यावर सुरू होतो. माझ्यासाठी तो 'हेरेडिटरी' (२०१८). त्यातला पंथ, सैतान वगैरे सगळं बघून झालं आणि विसरलो पण, पण गाडीचा सीन जात नाही. (ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढचं वाचू नका.)

बहिणीला ॲलर्जीमुळे श्वास घेता येत नाहीये म्हणून पोरगा गाडी सुसाट सोडतो, ती हवेसाठी खिडकीतून डोकं बाहेर काढते आणि रस्त्याकडेला खांब. त्यानंतर तो मागे वळून नीट बघत पण नाही. गाडी घरी आणतो, कोणाला न उठवता अंथरुणात जाऊन पडतो. सकाळी कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आई गाडीकडे गेल्याचं फक्त कानावर येतं आणि मग तिचा हंबरडा. तिला काय दिसलं ते आपल्याला आधीच माहितीये, त्यामुळे ती दारापर्यंत पोचेपर्यंतचा वेळ अक्षरशः सहन होत नाही. तुमचा असा कुठला पिक्चर, आणि का?

बीडची_लेक:
'लपाछपी'. मी एकच बघते, पिक्चरमधून भूत काढून टाकलं तर काय उरतं? बऱ्याच पिक्चरमध्ये काहीच उरत नाही. इथे सगळंच उरतं. गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या रानातल्या घरात येऊन राहते, त्या घरातली तुळसाबाई तिचं सगळं मायेनं करते, आणि मला त्या लपाछपी खेळणाऱ्या भुताच्या पोरांपेक्षा त्या मायेचीच भीती वाटायला लागली, कारण अशा बायका मी बघितल्यात. प्रेमळ असतात हो, सुनेच्या पोटाकडे बघून जीव टाकतात, पण मुलगाच पाहिजे. २०११ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ८०७! गर्भलिंगनिदानावर बंदीचा कायदा १९९४ चा. हा आकडा माहीत असलेल्या माणसाला तो पिक्चर नुसता भुताचा वाटूच शकत नाही. ऊस तर आमच्या लोकांच्या पाचवीलाच पुजलेला, दरवर्षी गावंच्या गावं तोडीला जातात, त्यामुळे चहूबाजूंनी ऊस आणि बाहेर पडायची वाट सापडत नाही हे बघताना छातीत धडधडायला लागलं. त्याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत 'छोरी' (२०२१) केला, पण मराठीच बघा.

ध्वनिवेडा:
ताई, विषयाचं पटलं, पण नुसता विषय गंभीर असून भागत नाही. तोच विषय घेऊन अत्यंत भिकार पिक्चर निघू शकतो. मी साउंडचं काम करतो म्हणून सांगतो, माणूस आतून हलतो तो बरेचदा कानामुळे. 'सायको' (१९६०) घ्या, त्यात भूत नाहीच. बाथरूमच्या सीनमध्ये चाकू अंगात घुसताना जवळजवळ दिसतच नाही, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय, ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे खपून गेलं. दिग्दर्शक हिचकॉकला तर तिथे संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी केलं, पूर्ण पिक्चरला फक्त तंतुवाद्यं, आणि तिथे व्हायोलिन अक्षरशः किंचाळतात. आज आवाज बंद करून तो सीन बघा, धार निम्म्याने जाते. आणि रातकिडा म्हणतायत त्या सीनमध्ये पण तेच आहे, दाखवलं पोराचं तोंड आणि ऐकवली आई. डोळ्याला एक आणि कानाला दुसरं दिलं की मधलं भयानक काम डोकं स्वतः करतं.

वाडा_चिरेबंद_नाही:
भूत काढून बघायची कसोटी 'तुंबाड'ला (२०१८) लागत नाही, हस्तर, म्हणजे त्यातला सोन्याचा हावरा देव, काढला तर गोष्टच पडते. तरी तो माझ्या डोक्यातून जात नाही. आजीच्या अंगातून झाड उगवलंय, तरी ती जिवंत आहे, आणि गोष्टीतला नायक विनायक तिच्यासमोर उभा राहून खजिन्याचं विचारतोय. समोर आजीची ही अवस्था, आणि याला ते बघून पण सोनंच पाहिजे! त्याहून वाईट म्हणजे नंतर तो स्वतःच्या पोराला त्याच सोन्यासाठी हस्तरच्या विहिरीत उतरवायला तयार करतो, आणि पोरगा बापाच्याही पुढचा विचार करायला लागतो. हस्तर परवडला, तो एका जागी बसून आहे. लहान पोराच्या डोळ्यात ती हाव दिसते तेव्हा पोटात कालवतं.

रातकिडा:
वाचताना एक लक्षात आलं, चारही पिक्चरमध्ये जे काही होतं ते घरच्याच नाहीतर घर देणाऱ्या माणसांकडून होतं, 'सायको'त तर मोटेलचा मालकच. अनोळखी हवेलीतल्या पांढऱ्या साडीचं म्हणूनच मला काही वाटत नसावं, तिथून पळून घरी तरी येता येतं. बीडची_लेक, 'लपाछपी' शनिवारी लावतोय. ध्वनिवेडा, हेडफोन लावून बघू की स्पीकरवर?

ध्वनिवेडा:
हेडफोन. आणि मधे पॉज करू नका.