मदत हवी आहे: गावच्या घराचं वीजबिल दुपटीवर गेलंय, गाडीचं पेट्रोलही परवडेना

कातळसडा
गुहागर तालुक्यात आमचं घर आहे. आई-बाबा दोघंच राहतात. या वेळचं बिल नेहमीच्या दुपटीहून जास्त आलंय. एसी नाही, गीझर नाही, ओव्हन नाही. पाऊस लागल्यापासून पंखेही फारसे चालत नाहीत. मग वीज जाते कुठे? बाबांनी धसका घेऊन टीव्ही बंद ठेवलाय, आई संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लावून बसते. मला ते बघवत नाही. मी पुण्याला असतो, महिन्यातून दोनदा तरी गाडीने जातो, तो पेट्रोलचा खर्च वेगळाच. घर आणि गाडी दोन्हीकडे काय करता येईल ते लवकर सांगा.

घाटपायथा
रुपये बाजूला ठेवा, युनिट सांगा. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, बिल किती दिवसांचं आणि बिलावर मीटरचा फोटो आहे की सरासरी लावलीय? पावसात रीडिंग घ्यायला माणूस पोचला नाही तर सरासरीवर बिल निघतं आणि पुढच्या महिन्यात सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय शंभर युनिटच्या पुढच्या प्रत्येक युनिटला दर चढा असतो, त्यामुळे युनिट दीडपट झाले तरी रुपये दुप्पट दिसू शकतात.

तिरफळ
सरळ सोलर बसवून टाका. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. आमच्याकडे बसवल्यापासून बिलाकडे बघावं लागत नाही.

चिरेबंदी
@तिरफळ, वीज कुठे जातेय ते कळायच्या आधी सोलर? गळक्या हंड्यात जास्त पाणी ओतण्यातली गत. आणि किनाऱ्यावर बसवायचं तर सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आणि वाऱ्याला टिकणारा हवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे घरांचे पत्रे कसे उडाले ते आम्ही पाहिलंय.

तिरफळ
सांगाडा नीट बांधला तर काही होत नाही. अनुदान आहे तोवर घ्यावं, एवढंच म्हणणं.

आंबोळी
पावसात कपडे कसे वाळवता? आमच्याकडे जुलैत ओले कपडे माजघरात दोरीवर आणि त्यावर रात्रभर पंखा असं चालायचं. जुना पंखा ७५ वॅटचा, दहा तास चालला तर पाऊण युनिट, महिन्याला बावीस-तेवीस. आता तिथे बीएलडीसी पंखा लावलाय, तो ३० वॅटच्या आसपास घेतो. आईंना विचारा बरं. पंखे चालत नाहीत असं पुण्यात बसून वाटतं, तिथे रात्री काय चालतं ते त्यांनाच ठाऊक.

कातळसडा
मागच्या महिन्यापर्यंत ९०-९५ युनिट. आता २३१. बिल ३० दिवसांचं, मीटरचा फोटो आहे, आकडे बरोबर आहेत. कपडे चुलीवरच्या दोरीला वाळतात, आंघोळीचं पाणी पाणचुलीवर. आईला विचारलं, रात्री पंखा नसतो.

घाटपायथा
बरं, मग हिशोब घाला. जादा आलेत साधारण १३६ युनिट. महिन्याचे तास ७२०. भागाकार केला तर १९० वॅट येतात. म्हणजे काहीतरी १९० वॅट दिवसरात्र, एक मिनिट न थांबता खातंय. दिवे-टीव्हीचा हा घास नाही. ९ वॅटचा एलईडी महिनाभर अखंड ठेवला तरी साडेसहा युनिटच होतात. आईंना सगळ्या खोल्यांत दिवे लावायला सांगा आणि बाबांना टीव्ही बघू द्या.
फ्रिज किती जुना? दार नीट लागतं का? दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय आणि कॉम्प्रेसर थांबतच नसेल.

केवडा
पेट्रोलचं कोणीच सांगत नाहीये. कुंभार्ली घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, उतार संपेपर्यंत पेट्रोल लागतच नाही. मी कायम असंच करतो.

चिरेबंदी
कृपा करून हे करू नका आणि कोणाला सांगूही नका. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गिअर असताना पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणं बंद होतं, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जळत राहतं. म्हणजे बचत गिअरमध्येच आहे. आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. पावसाळी धुक्यात, कुंभार्लीच्या वळणांवर, तापलेले ब्रेक घेऊन उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

केवडा
माझी गाडी कार्बोरेटरची आहे, जुनी. तिला फरक पडतो.

चिरेबंदी
पडत असेल, पण उतरायचं गिअरमध्येच. चार थेंब पेट्रोलसाठी घरच्यांना टांगणीला लावू नका.
@कातळसडा, गाडीवर कॅरिअर आहे का? आंब्याच्या पेट्यांसाठी मे महिन्यात लावलेलं कॅरिअर अनेकांच्या गाडीवर पुढच्या मेपर्यंत तसंच असतं. हायवेवर ते रिकामं असलं तरी वारा अडवतं. काढून ठेवा. प्रवासाला निघायच्या आधी, टायर थंड असतानाच हवा भरून घ्या. उंब्रजपर्यंत हायवेला ८०च्या पुढे जायचा मोह टाळा. मोठा फरक यानेच पडतो.

सागरगोटा
दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जा, गाडी बोटीत चढते, खाडीला मोठा वळसा वाचतो. तिकडे जयगड-तवसाळही आहे.

आंबोळी
अहो, ते पुण्याहून कुंभार्लीने चिपळूणमार्गे येतात, त्यांच्या वाटेत दाभोळची खाडी येतच नाही. दापोलीहून गुहागरला येणाऱ्याला बोट सोयीची.

सागरगोटा
मी सर्वांसाठी सांगितलं. वाचणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल.

हळदीचं_पान
गॅसचंही लिहिते, कारण आमच्याकडे पेजेला उकडा तांदूळ रोज लागतो आणि तो शिजायला वेळ घेतो. रात्रीच भिजत घालायचा, सकाळी कुकरमध्ये, वाफ धरली की आच बारीक. कुळीथ, काळे वाटाणे तर भिजवल्याशिवाय चढवूच नयेत. उघड्या टोपात शिजवणं बंद केल्यापासून आमचा सिलिंडर बराच पुरतो.

कातळसडा
गॅसचा प्रश्न नव्हता, पण आईला सांगतो. फ्रिजची कागदाची तपासणी बाबांनी केली, रबर घट्ट आहे. कॅरिअर आहे गाडीवर, काढतो. आता पुढे काय?

निवृत्त_वायरमन
बाबांना हे करायला सांगा. घरातली सगळी बटणं बंद, फ्रिजचा प्लगही काढायचा, सेट-टॉप बॉक्सचाही. मेन चालू ठेवायचा. मग मीटरवरचा लाल ठिपका बघत उभं राहायचं. काही चालू नसेल तर तो लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर किती सेकंदांनी ते मोजायचं. मीटरवर बारीक अक्षरात एका युनिटला किती ठिपके तो आकडा छापलेला असतो, तोही लिहून घ्या.

कातळसडा
व्हिडिओ कॉलवर केलं. सगळं बंद, तरी ठिपका लुकलुकतोय. साधारण सहा सेकंदांनी एकदा. मीटरवर ३२०० लिहिलंय. मीटरच खराब आहे ना मग? तक्रार करू?

घाटपायथा
थांबा. सहा सेकंदांना एक म्हणजे तासाला ६००. भागिले ३२००, म्हणजे १८७ वॅट. बिलावरून १९० काढले होते. मीटर जे जातंय तेच मोजतोय. तुमच्याकडे वीज जमिनीत गळतेय.

निवृत्त_वायरमन
बरोबर. आता सांगा, घराबाहेर कुठे कुठे लाइन गेलीय? गोठा, न्हाणीघर, विहीर?

कातळसडा
विहिरीवर अर्ध्या एचपीचा पंप आहे. तो तर आधीपासूनच आहे, दिवसातून वीस मिनिटं चालतो.

निवृत्त_वायरमन
हे पहिल्या ओळीत हवं होतं. पंपाचं बटण कुठे? घरात की विहिरीवर?

कातळसडा
विहिरीवरच्या पेटीत. वायर मागच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने गेलीय.

निवृत्त_वायरमन
म्हणजे पंप बंद असला तरी घरापासून विहिरीपर्यंतची वायर कायम जिवंत. पावसात चिरा पाणी पितो, गडगा आणि खालची माती चिंब असते. कुठेतरी जोड उघडा पडला असणार. जेमतेम पाऊण-एक अँपिअर जातोय, तेवढ्याने फ्यूज उडत नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.
आता बचतीचा विषय सोडा. बाबांना आत्ता फोन करा. गडग्याकडे आणि विहिरीकडे कोणीही जायचं नाही, गुरं असतील तर तिकडे सोडायची नाहीत. पायात कोरडी रबरी चप्पल घालून, कोरड्या हातांनी आधी मेन बंद करायचा, मग विहिरीच्या लाइनचा किटकॅट (फ्यूजचा ठोकळा) उपसून बाजूला ठेवायचा, मग मेन चालू. ठिपका थांबला का बघा. किटकॅट परत लावायचा नाही. जमत नसेल तर मेन बंद ठेवून थेट वायरमनला बोलवा.

आंबोळी
पाणी शेजारून आणा तोवर. आमच्या वाडीत अशाच ओल्या तारेने म्हैस गेली होती. खरंच, लगेच फोन करा.

कातळसडा
फोन केला. किटकॅट काढल्याबरोबर ठिपका थांबला. पाणी शेजारचे काका भरून देतायत. आई रोज त्याच गडग्यावरून परसात जायची. हात कापतायत लिहिताना.

कातळसडा
वायरमन येऊन गेला. गडग्याखाली जुना जोड होता, टेप कुजून सुटली होती, तांब्याची तार चिखलात टेकली होती. ती वायर काढून टाकली. नवीन वायर पाइपातून, जोड न देता टाकायला सांगितलीय. तो म्हणतो, वीज गळली की लाइन तोडणारा ईएलसीबीही बसवा. कितीचा घेऊ?

निवृत्त_वायरमन
माणसाच्या सुरक्षेसाठी ३० मिलिअँपिअरचा, अख्ख्या घराला. जास्त मिलिअँपिअरचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो माणूस वाचवायला नसतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबून तो बंद पडतो ना ते बाबांनी बघायचं. पंपाचं बटण घरात आणा, म्हणजे पंप बंद तर वायरही बंद. आणि वायरमन परत येईल तेव्हा अर्थिंगचा खड्डा उघडून पट्टी बघायला सांगा. खाऱ्या हवेत ती गंजून तुटते आणि वरून काही दिसत नाही.

तिरफळ
वायरिंग झालं की सोलरचं विचारा मला.