मदत हवी आहे : जनरेटरचा ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला क्राउन-पिनियन बदलावं का?

जनित्र

नमस्कार मंडळी. भांडुपहून लोणावळा आणि इगतपुरीकडे जनरेटरचा ट्रेलर जातो. बोर घाटात (जुन्या रस्त्याने) आणि कसाऱ्यात गाडी दम तोडते. माहिती अशी :

२.५ लिटर टर्बो डिझेल, टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, तोही १,८०० ते २,८०० आरपीएममध्ये. पाच गिअरचा बॉक्स, रेशो ४.१, २.३, १.४५, १ आणि ०.७८. अॅक्सलमधल्या क्राउनला (मोठं दातेरी चाक) ४१ दाते, त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला १०, म्हणजे रेशो ४.१. फोर बाय फोर आहे. वजनकाट्यावर गाडी केबल आणि माणसांसकट २,३०० किलो, ट्रेलर १,७०० किलो.

तिसऱ्या गिअरमध्ये ३५ च्या आसपास काळा धूर येतो, टेंपरेचरचा काटा चढायला लागतो. दुसऱ्यात टाकलं की इंजिन ओरडतं म्हणून चालक तिसरा सोडत नाही. मेकॅनिक म्हणतोय अॅक्सलचं हाऊसिंग उघडून ३९/८ चा, म्हणजे ४.८७५ चा सेट टाका. दुसरीकडे ४३/१० (४.३) चा सेट स्वस्तात मिळतोय. कोणता घ्यावा?

दुसरा प्रश्न : हाच ट्रेलर कधीकधी सहा गिअरच्या ऑटोमॅटिक पिकअपला लागतो. ती चढावर चार-पाच-चार-पाच करत राहते. काय सेटिंग ठेवावं?

बॅकलॅश

टायरचं माप कुठंय? ते कळल्याशिवाय रेशोवर बोलण्यात अर्थ नाही. कंपनीचं माप आणि आत्ताचं, दोन्ही द्या. आणि ट्रेलरला ब्रेक आहेत का?

जनित्र

कंपनीचे २४५/७० आर १६ होते. आता २६५/७० आर १७ आहेत, अलॉयसकट. जुनी चाकं गोदामात पडून आहेत. ट्रेलरला ब्रेक नाहीत.

बॅकलॅश

चोर सापडला. निदान अर्धा तरी.

जुन्या टायरचा व्यास ७४९ मिमी, घेर २.३५ मीटर. नव्याचा व्यास ८०३, घेर २.५२. सात टक्के फरक. म्हणजे हाऊसिंगमध्ये ४.१ असला तरी रस्त्यावर तुमची गाडी ३.८३ च्या क्राउनसारखी वागते आहे. टायर बदलताना हे कुणी सांगत नाही, गाडी उंच दिसते एवढंच सांगतात.

आता तुमच्या तक्रारीचं गणित. आरपीएम काढायचं सूत्र सोपं : ताशी वेग गुणिले १६.६७, भागिले टायरचा घेर मीटरमध्ये, गुणिले गिअरचा रेशो, गुणिले क्राउनचा रेशो. तिसऱ्यात ३५ ला तुमचं इंजिन १,३७५ वर फिरतंय. टॉर्क सुरू होतो १,८०० ला. टर्बोने हवा भरायच्या आधीच पाय पूर्ण दाबलेला, डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. इंजिन हळू फिरतं तेव्हा वॉटर पंपही हळू फिरतो आणि वर सायलेन्सरकडची उष्णता वाढते. काटा चढतो तो याच दोन कारणांनी, रेडिएटर साफ करून तो उतरणार नाही.

तिसरा गिअर १,८०० ला कधी पोचतो ते बघा :

आत्ताचे टायर, ४.१ : ४६ किमी
जुने टायर, ४.१ : ४३ किमी
जुने टायर, ४.३ : ४१ किमी
जुने टायर, ४.८७५ : ३६ किमी

म्हणजे ४.३ चा सेट हा पैशाचा धूर. त्यातून मिळतात पाच टक्के, आणि गोदामातली चाकं फुकटात सात टक्के देतात. मोठ्या टायरवर ४.३ बसवला तर फिरून जवळपास कंपनीच्या मूळ ओढीवरच येता, थोडं मागेच.

घाटमाथा

बॅकलॅश यांचं गणित बरोबर, पण मुख्य रोग चालकाच्या कानात आहे. दुसऱ्यात इंजिन 'ओरडतं' म्हणजे नक्की किती? आत्ताच्या टायरवर दुसऱ्यात ४० ला सुमारे २,५००, जुन्या टायरवर २,६७०. दोन्ही आकडे तुमच्या टॉर्कच्या पट्ट्याच्या आतच आहेत. डिझेलला २,५०० वर तासभर चालवलं तर काही होत नाही, १,३७५ वर पाय दाबून चालवलं तर होतं.

ताकद किती लागते तेही पाहा. एकूण ४,००० किलो, सहा टक्के चढ, ४० चा वेग. चढाचे सुमारे २,३५० न्यूटन, टायर घासण्याचे ६००, वाऱ्याचे दीडशे. मिळून ३,१०० न्यूटन, म्हणजे चाकावर ४६-४७ एचपी. इंजिनकडे ताकद भरपूर आहे, ती चुकीच्या गिअरमध्ये मागितली जातेय. चौथ्यात याच वेगाला इंजिनकडून ३४० न्यूटन-मीटर मागावे लागतील, तुमच्याकडे आहेतच ३२०. तिसऱ्यात २३७ लागतात, पण १,५७० आरपीएमला ते पूर्ण येत नाहीत. दुसऱ्यात दीडशेत काम होतं.

शिवाय खोपोलीच्या वर पुढे भरलेला ट्रक आला की वेग २५-३० वर येतोच. तिथं कुठलाही क्राउन टाका, दुसराच लागतो. चालकाला एवढंच सांगा : आरपीएमचा काटा १,८०० च्या खाली यायच्या आत खालचा गिअर. चढ सुरू झाल्यावर नव्हे, वळणाच्या आधी.

ब्रेक नसलेला १,७०० किलोचा ट्रेलर हा मात्र क्राउनपेक्षा गंभीर मामला आहे. उतरताना डिझेल इंजिनचा रोध पेट्रोलपेक्षा कमीच मिळतो, कारण हवा अडवणारं थ्रॉटल तिथं काम करत नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, दुसऱ्यात. न्यूट्रल कधीच नाही. ट्रेलरच्या चाकांना ब्रेक आणि पुढे ओव्हररन कपलर बसवा, म्हणजे ट्रेलर गाडीला ढकलायला लागला की त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलाच. मुंबईच्या दमट हवेत ते पाणी ओढतं आणि घाटात उकळून पेडल तळाला जातं.

हाफक्लच

थोडं वेगळं मत. सगळे घाटाचंच बोलताय, पण भांडुपचा ट्रेलर घाटापेक्षा जास्त वेळ घोडबंदरला आणि शिळफाट्याला रांगतो. तिथं क्लच जातो. पहिल्या गिअरमध्ये ८०० आरपीएमला आत्ता ७.२ किमीचा वेग पडतो. गर्दी त्याहून हळू चालते म्हणून चालक अर्धा क्लच धरून ठेवतो. ४.८७५ आणि जुने टायर केले तर हाच वेग ५.६ वर येतो. ट्रेलर रोज लागत असेल तर मेकॅनिकचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

बॅकलॅश

मान्य, रोज लागत असेल तर. पाचव्यात ८० ला आरपीएम जुन्या टायरवर १,८१० वरून २,१५० वर जाईल, ट्रेलर ओढताना ते चालतं. रिकाम्या गाडीला मात्र डिझेल जास्त लागेल. आणि हो, अमेरिकन धाग्यांमधला क्राउनचा रेशो ३.७३ की ४.१० हा वाद वाचून निर्णय घेऊ नका. तिकडच्या मोठ्या डिझेल पिकअपना हजार न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क आहे, त्यांना ३.७३ पुरतो.

करायचंच ठरलं तर हे पाहा :

फोर बाय फोर आहे, तेव्हा पुढचा आणि मागचा दोन्ही सेट एकाच रेशोचे हवेत. फक्त मागचा बदलून फोर व्हील टाकलंत तर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट वेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि ट्रान्सफर केस (दोन्ही अॅक्सलना ताकद वाटणारा बॉक्स) फुटते. मेकॅनिकने दिलेला भाव एका सेटचा आहे की दोनचा, ते आधी विचारा.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर सुटा पिनियन मिळेल, घेऊ नका.

पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्या) जुळवायची, बेअरिंगचा प्रीलोड (आवळपणा) फिरवण्याच्या टॉर्कने आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने मोजायचा. बॅकलॅश तुमच्या मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिमीच्या दरम्यान असतो. 'हाताने हलवून बघतो' म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. पिनियनच्या बेअरिंगांमधला दाबला जाणारा स्पेसर नवाच हवा. नट जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, पुन्हा नवा स्पेसर. शेवटी दात्यांना रंग लावून ठसा बघायचा, तो दात्याच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला तर गाडी हुईईई करत राहील आणि ट्रेलर लागला की दाते खाईल.

नव्या सेटवर पहिले ८०० किमी ट्रेलर नाही. पहिल्या दिवशी २५-३० किमी चालवून हाऊसिंग थंड होऊ द्या. ८०० ला ऑइल काढा, त्यात चंदेरी चुरा दिसेल, तेवढा चालतो. कण बोटाला टोचले तर उघडा. ऑइल जीएल-५ दर्जाचं.

स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर क्राउन बदलल्यावर तो चुकीचा वेग दाखवेल. चाकांच्या एबीएस सेन्सरवरून घेत असेल तर क्राउनने फरक पडत नाही, टायरने पडतो.

एक राहिलंच. दाते बदलून गाडीची ओढण्याची मर्यादा वाढत नाही. मॅन्युअलमध्ये ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात, ते दोन्ही बघा.

लॉकअप

ऑटोमॅटिकचं मी सांगतो.

चार-पाच-चार-पाच म्हणजे प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलचा जोड) लॉक सुटतो आणि ऑइल घुसळून तापतं. गिअरबॉक्स मरतो तो वजनाने नाही, या उष्णतेने. टो मोड (ट्रेलर ओढायची सेटिंग) असेल तर ट्रेलर जोडल्यापासूनच चालू ठेवा. नसेल तर लिव्हर मॅन्युअलकडे घेऊन चौथ्यात धरा, खोपोलीनंतर तिसऱ्यात. क्रूझ कंट्रोल घाटात बंद. लॉक लागला की नाही ते असं ओळखा : पाय किंचित जास्त दाबा, वेग न वाढता आरपीएम दोन-तीनशेने उडाला तर लॉक सुटलेला आहे. मग एक गिअर खाली.

ओबीडीचा रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून ऑइलचं तापमान बघा. ८० ते ९५ ठीक. १२० च्या वर जायला लागलं तर थांबा, पण इंजिन बंद करू नका. न्यूट्रलमध्ये हजार-बाराशेवर पाच मिनिटं फिरू द्या, ऑइल कूलरमधून फिरलं तरच उतरेल. नेहमीच ११० च्या वर जात असेल तर वेगळा कूलर बसवा, मालिकेत, म्हणजे ऑइल आधी रेडिएटरमधल्या कूलरमधून आणि मग यातून जाईल.

जनित्र

सर्वांचे आभार. चालकाला १,८०० चा नियम सांगितला, डॅशबोर्डवर चिकटपट्टी लावून दिली. जुनी चाकं चढवतो, ओव्हररन कपलरचा भाव काढतो. क्राउन तूर्त नाही. एक शंका : खरंच ४.१ आहे का, हे हाऊसिंग न उघडता कसं तपासायचं? सेकंडहँड गाडी आहे, दात्यांचा आकडा आधीच्या मालकाने सांगितलेला.

बॅकलॅश

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवायच्या पाचरी) लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, फक्त जॅकवर नको. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. दोघांनी दोन्ही चाकं एकदम दहा फेरे फिरवायची, तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. ४१ आले तर ४.१. माणसं कमी असतील तर एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं वीस फेरे फिरवा, उत्तर तेच येतं.

टायरचा घेरही कागदावरचा धरू नका. वजन घातलेल्या गाडीचं चाक खडूने खूण करून एक फेरा पुढे ढकला आणि टेपने मोजा, दोन-तीन टक्के कमी भरेल.

घाटमाथा

आणि स्टेपनी विसराल. चारही चाकं १६ ची चढवलीत आणि खाली १७ ची स्टेपनी लटकत राहिली, तर पंक्चरच्या दिवशी मागच्या अॅक्सलवर दोन वेगळे घेर येतील. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (दोन चाकांना वेगळा वेग घेऊ देणारे गिअर) सतत फिरत राहील, ट्रेलरच्या वजनाखाली तर आणखी तापेल. फोर व्हील तर टाकूच नका त्या दिवशी. जुन्यांपैकी पाचवं चाक गोदामात आहे ना, ते आधी शोधा.