आसामच्या ताटातला ‘खार’ मराठीत कसा लिहावा?

रानवाट :
काझीरंगाला कोहोऱ्याजवळ महामार्गाच्या कडेला एका ‘भातर होटेल’मध्ये जेवलो. तिथेही आपल्यासारखंच हॉटेल म्हणजे जेवायची जागा, राहायची नव्हे. कांशाच्या ताटात मधोमध भात आणि भोवती वाट्या. (वाटीला ते ‘बाटि’ म्हणतात, हे ऐकूनच मला घरी आल्यासारखं वाटलं.) वाढणाऱ्या ताईंनी एका वाटीकडे बोट दाखवून सांगितलं, आधी हे, हे खार. नाव ऐकून मी खारट असणार म्हणून भात जास्त कालवला. पण ते खारट नव्हतंच. कच्च्या पपईच्या अगदी मऊ, बुळबुळीत फोडी, वरून कच्चं मोहरीचं तेल, आणि जिभेवर किंचित कडवट, राखेसारखी चव.

प्रवासाच्या टिपणात मी ‘खारट भाजी’ लिहिलंय आणि ते मला टोचतंय. नेमका शब्द सुचवा.

माजघर :
‘खारट’ आधी खोडा. तुम्ही जे खाल्लंत त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरात आहे, तो म्हणजे पापडखार. उडदाचं पीठ भिजवताना मीठ वेगळं पडतं आणि पापडखार वेगळा पडतो. पापडखार चवीसाठी नसतोच. पापड हलका व्हावा, फुलावा म्हणून असतो, आणि जास्त झाला तर पापड कडू लागतो, खारट नाही.

आसामात भीमकोल नावाच्या बियांच्या केळ्याची सालं वाळवून जाळतात, राखेतून पाणी गाळून घेतात. ते गाळलेलं पाणी म्हणजे कोलाखार. तो घालून शिजवलेल्या पदार्थालाही ‘खार’च म्हणतात. पपई इतकी मऊ झाली ती त्या पाण्यामुळेच. हरभरे शिजवताना आपण चिमूटभर सोडा टाकतो, तसंच. मीठ त्यात वरून वेगळं घालतात.

शब्दछंद :
माजघर यांच्याशी पूर्ण सहमत. शब्द मूळ संस्कृत ‘क्षार’. गोंधळाचं कारण मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे. हिंदीत ‘क्षार’ म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ आणि मिठाच्या जातीचं ते ‘लवण’. मराठी विज्ञानात आम्लाच्या उलट ते ‘आम्लारी’, आणि आम्ल व आम्लारी मिळून जे तयार होतं तो ‘क्षार’. त्यामुळे क्षार म्हटलं की आपल्याला मीठ, क्षारपड जमीन, बोअरचं मचूळ पाणी आठवतं. जुना अर्थ मराठीतून गेलेला नाही, फक्त कोपऱ्यात बसलाय: पापडखार, जवखार, वैद्यांचं क्षारसूत्र. आसामी माणसाने तो रोजच्या भातात ठेवलाय.

आणखी एक. आसामी लोक स्वतःला ‘खारखोवा’, म्हणजे खार खाणारे, म्हणवतात आणि त्यात अभिमान असतो. मराठीत ‘खार खाणे’ म्हणजे एखाद्याचा दीर्घ द्वेष करणे. हा खार मात्र फारसीतला, अर्थ काटा. ‘खारखोवा’ हा शब्द लिहाल तर अर्थ लगेच खुलासा करून द्या, नाहीतर वाचक भलतंच समजेल.

रानवाट :
हे फार कामाचं. आता दुसरी वाटी. शेवटी मासोर टेंगा आला, टोमॅटो घातलेला पातळ, आंबट रस्सा. माझ्या ताटात खार पहिला आणि टेंगा शेवटचा होता. मी ‘माशाची आमटी’ लिहिलंय, चालेल?

शब्दछंद :
उत्तम! टेंगा म्हणजे आंबट, आणि तेच पदार्थाचं नाव झालं. आमटीचंही असंच, तिच्या पोटात ‘आंबट’ आहे. आज गोडसर आमटी करणाऱ्यांनाही ते आठवत नाही. ‘आंबट रस्सा’ अर्थाला बरोबर आहे, पण ‘आमटी’ने शब्दाची घडण जुळते. ‘मासोर’बद्दल: आसामी लिहितात ‘माछ’, बोलतात ‘मास’, कारण तिथे च आणि छ दोन्ही स सारखे उच्चारतात. चाउल (तांदूळ) ऐकताना ‘साउल’ होतं, आणि आपला चहा तिकडे ‘साह’. मी उच्चारानुसारच लिहीन. मासोर वाचलं की मराठी वाचकाला मासा दिसतो.

माजघर :
बटाट्याची पिटिका खाल्लीत का? तिला सरळ भरीत म्हणा, शंका नको.

रानवाट :
खाल्ली, भरीतच. निघताना तामोल-पान दिलं. मी ‘तांबूल दिला’ लिहिलं होतं, पण तिथे तामोल म्हणजे नुसती सुपारी, तीही ओली. पानासह चावली आणि दोन मिनिटांत कपाळावर घाम आला.

शब्दछंद :
मग तिथे ‘तांबूल’ नको. शब्द तोच, पण मराठीत तो सगळ्या विड्यासाठी आहे. ‘ओली सुपारी आणि पान’ लिहा.

रानवाट :
शेवटचा प्रश्न, लिंगाचा. मी आतापर्यंत ‘ते खार’ म्हणत होतो.

माजघर :
पापडखार घातला, लोणच्याचा खार सुटला, तसंच ‘तो खार’. ‘ती खार’ झाडावर पळते. ‘ते’ कुठेच नाही. पहिल्यांदा येईल तिथे ‘केळीच्या सालीच्या राखेच्या पाण्यात शिजवलेला’ एवढं सांगा, पुढे नुसतं खार लिहा.

रानवाट :
बदललं. टिपणात आता असं आहे: ‘आधी पपईचा खार आला, केळीच्या सालीच्या राखेच्या पाण्यात शिजवलेला, शेवटी माशाची आमटी.’