मदत हवी आहे : एकटीच्या गिटार-कार्यक्रमासाठी गाणी निवडता येत नाहीत

सहावी तार :
येत्या शनिवारी माझा एकटीचा कार्यक्रम आहे आणि गाण्यांची यादी काही केल्या पक्की होत नाही. माझ्याकडे तयार अशी 64 गाणी आहेत. ती सगळी मला येतात, आणि त्यांतली कोणती ठेवावीत हे ठरत नसल्यामुळे गेले चार दिवस मी सराव सोडून नावे लिहीत आणि खोडत बसले आहे. मागच्या वेळी ज्या गाण्यांवर सर्वांत जास्त मेहनत घेतली होती तीच पडली, लोक शेजाऱ्याशी बोलत राहिले. एकट्या अकूस्टिक गिटारवर कोणती गाणी चालतात, एवढेच कृपया सांगावे. 'मनापासून आवडणारी गाणी निवडा' हा सल्ला मी स्वतःला देऊन झाला आहे, त्यामुळे तो नको.

कॅपोवाला :
प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्डमध्ये बसणारी गाणी बाजूला काढा आणि बाकीची विसरा. मी अनेक वर्षे असेच करतो आहे. बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवे दाबून धरायचे) जितके कमी तितका डावा हात शेवटपर्यंत टिकतो, आणि पट्टी बदलायची असेल तर कॅपो, म्हणजे तारांवर आडवा लावायचा चिमटा, आहेच.

मंद्रसप्तक :
कॅपोवाले, गाणी सुचवण्याआधी थोडी चौकशी करायला हवी. धागाकर्त्या बाई, तुम्ही गाता की केवळ वाजवता? कार्यक्रम किती वेळ चालणार आहे? समोरचे लोक ऐकायला येऊन बसलेले असतात, की आपापल्या गप्पांसाठी आलेले असतात? मूळ गायक पुरुष आहेत की स्त्रिया? आणि मागच्या वेळी गाणी 'पडली' म्हणजे नेमके काय झाले? सुरुवातीलाच लक्ष गेले नाही, की मध्येच गेले? एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर म्हणजे रोगी न पाहता दिलेले औषध होईल.

अवांतर :
गिटारची वरची फळी स्प्रूसची आहे की सीडरची, हेही सांगावे. सीडरचा आवाज हलक्या बोटांना लवकर प्रतिसाद देतो, स्प्रूस मात्र जोरात वाजवल्यावर खुलते. माझ्या मते गाण्यांची निवड इथूनच सुरू होते.

सहावी तार :
अर्थातच गाते. नुसते वाजवायचे असते तर तसे लिहिले असते. 50 मिनिटांचे तीन भाग आहेत, मध्ये दोन विश्रांती. लोक गटागटाने बसून बोलत असतात, त्यांत ऐकणारे थोडे. मूळ गायक बहुतेक पुरुष आहेत, पण त्याने काय फरक पडतो ते कळले नाही, कारण मी मूळ पट्टीतच गाते. रेकॉर्डिंग ऐकून गिटार बसवली ती त्याच पट्टीत, आणि पट्टी बदलली की गाण्याचा रंग जातो असे मला वाटते. लक्ष म्हणाल तर ध्रुवपदाला लोक माना डोलावतात आणि अंतऱ्याला पुन्हा बोलू लागतात. फळी कसली आहे ते मला ठाऊक नाही.

मंद्रसप्तक :
तुमचा प्रश्न गाणे निवडण्याचा कमी आणि पट्टीचा जास्त आहे असे दिसते, आणि हे गिटारवरच मोजून पाहता येते. तिसरी तार मोकळी वाजवा. तो जी तुम्हाला स्पष्ट शब्दांत, ताण न देता गाता येतो का? बऱ्याच स्त्रियांचा आवाज त्याच्या आसपास कुठेतरी खाली संपतो. आता पहिल्या, म्हणजे सर्वांत पातळ, तारेवर एकेक फ्रेट (दांडीवरची धातूची आडवी रेघ, दर फ्रेटला स्वर एक अर्धस्वर चढतो) वर जात राहा आणि न ओरडता कुठवर पोचता ते पाहा. समजा आठव्या फ्रेटला थांबलात, म्हणजे वरचा सी. या दोन टोकांमध्ये 17 अर्धस्वर आहेत, आणि तेवढेच तुमचे भांडवल आहे.

पुरुषाने गायलेले एखादे गाणे घ्या, ज्याचा सर्वांत खालचा स्वर चौथ्या मोकळ्या तारेचा डी आहे आणि सर्वांत वरचा पहिल्या मोकळ्या तारेचा ई. मूळ पट्टीत गायलात तर ध्रुवपद बरे वाटेल, कारण ते वरच्या स्वरांत असते. अंतरा मात्र खाली उतरतो आणि तिथे तुमचा आवाज उरतो तो केवळ श्वास. बोलणाऱ्या माणसांच्या गलक्यात आणि तुमच्याच गिटारच्या जाड तारांच्या आवाजात तो बुडतो, म्हणजे लोक कंटाळून बोलू लागतात असे नसून त्यांना ऐकूच येत नाही. तेच गाणे एक सप्तक वर उचलले तर ई बाराव्या फ्रेटला जातो, तोही हाताबाहेर. पाच अर्धस्वर वर घेतले तर खालचा स्वर तुमच्या जी वर येतो आणि वरचा पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटला, म्हणजे तुमच्या टोकापासून तीन फ्रेट खाली राहतो. असे गाणे शेवटच्या भागातही निभावेल. उलट मूळ गाणे त्याच डी पासून पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या जी पर्यंत जात असेल तर पाच अर्धस्वरांनंतर त्याचे टोक नेमके आठव्या फ्रेटला भिडते. ते ताज्या गळ्याने पहिल्या भागात गा, नाहीतर सोडून द्या. दोन तास गाऊन झाल्यावर गळ्याला वरचे दोन स्वर मागू नयेत.

रंग जाण्याबद्दल म्हणाल तर, ज्याने पंधरा वाद्यांचा ताफा काढून टाकला आहे त्याने पट्टीचे पावित्र्य तेवढे सांभाळावे, हे मला नीटसे पटत नाही.

कॅपोवाला :
मी तेच तर म्हणत होतो. मूळ गाणे सी मध्ये असेल तर पाचव्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सी पट्टीच्याच कॉर्डचे आकार वाजवा, म्हणजे एफ पट्टी मिळाली आणि हाताला नवे काही शिकावे लागले नाही.

मंद्रसप्तक :
पट्टी मिळेल, पण पाचव्या फ्रेटवर कॅपो लावला की गिटार मेंडोलिनसारखी पातळ वाजू लागते, आणि सोबत बास नसताना ते परवडत नाही. तीच एफ पट्टी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून डीच्या आकारांनी मिळते, किंवा पहिल्या फ्रेटवर लावून ईच्या आकारांनी. ईच्या आकारात पट्टीचा मूळ स्वर सर्वांत जाड अशा सहाव्या तारेवर असल्याने भरणा सर्वांत चांगला मिळतो, मात्र त्यात बी आणि ए हे कॉर्ड वारंवार लागतात. जी मधली गाणी पाच अर्धस्वर वर गेली की सरळ सी मध्ये येतात, तिथे कॅपोचीही गरज नाही. कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासावेत, कारण दाबामुळे तारा किंचित चढतात.

कॅपोवाला :
बोलणाऱ्या लोकांना बास पाचव्या फ्रेटवरचा की पहिल्या फ्रेटवरचा हे कळत नाही. वाजवणाऱ्याला सोपे जाते ते खरे.

लूपकर :
दोघेही जुन्या काळात आहात. लूप पेडल, म्हणजे वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारे पायाने चालवायचे यंत्र, घ्या, चार मात्रांचा ठेका आणि कॉर्ड त्यात भरा, वरून सोलो वाजवा, म्हणजे कोणतेही गाणे एकट्याने करता येते आणि निवडीचा प्रश्नच संपतो.

मंद्रसप्तक :
उलट निवड अधिकच आवळली जाते. लूपवर तेच गाणे टिकते ज्याच्या ध्रुवपदाला आणि अंतऱ्याला कॉर्डचे एकच चक्र असते. अंतऱ्यात कॉर्ड बदलले की पेडल थांबवावे लागते, आणि नेमका तिथेच सगळा भरणा गळून पडतो. शिवाय पाय समेपेक्षा किंचित मागे पडला तर ती चूक पूर्ण गाणेभर फिरत राहते. शनिवारसाठी नवे यंत्र आणू नये.

लूपकर :
सरावाने पाय समेवर पडतो. मला तरी ते जड गेले नाही.

परवानगी :
लोकांसमोर दुसऱ्यांची गाणी सादर करण्याचा परवाना कोण काढणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. तसेच कार्यक्रमाची चित्रफीत टाकायची असेल तर प्रत्यक्ष सादरीकरणाची परवानगी त्याला पुरेशी असेलच असे नाही.

सहावी तार :
परवान्याबद्दल मी विचारले नव्हते, आणि पेडलचा विचार आत्ता शक्य नाही. काल रात्री मंद्रसप्तक यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक गाणे मोजत बसले. मला तिसऱ्या तारेचा जी जेमतेम जमतो, त्याखाली काही नाही, आणि मागच्या वेळी पडलेल्या सात गाण्यांपैकी सहा गाण्यांचे अंतरे त्याच्याही खाली आहेत. म्हणजे मी तेव्हा लोकांवर रागावले ते फुकट. पट्टी बदलून पाहता 64 पैकी 38 बसतात. एवढ्यातून निवडणे तरी सोपे व्हायला हवे होते, पण 38 पैकी 27 संथ आहेत.

मंद्रसप्तक :
एक गाणे साधारण चार मिनिटांचे आणि बोलणे, सूर लावणे धरून पाच मिनिटांचे समजा, म्हणजे एका भागात दहा आणि एकूण तीस गाणी लागतात. उरलेली आठ फर्माइशीसाठी किंवा एखादे गाणे बिघडले तर हाताशी ठेवा. तेवढ्यांत 27 संथ घेऊन चालणार नाही, पण नवी द्रुत गाणी शनिवारपर्यंत बसणारही नाहीत, म्हणून संथ गाण्यांमध्येच फरक शोधा. सहा मात्रांची गाणी आठ मात्रांच्या गाण्यांमध्ये पेरली तर संथपणा तेवढा जाणवत नाही. एक गाणे बोटांनी छेडून, पुढचे स्ट्रमिंगने (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवून), असे आलटून पालटून घ्या, आणि लागोपाठची दोन गाणी एकाच पट्टीत ठेवू नका.

दुसरे म्हणजे, ज्यांची ओळख व्हायोलिनच्या किंवा सॅक्सोफोनच्या सुरुवातीच्या तुकड्यावर अवलंबून आहे अशी गाणी बाजूला ठेवा, किंवा तो तुकडा टाळून सरळ ध्रुवपदाच्या पहिल्या ओळीपासून सुरू करा. मधल्या संगीताचे वीस सेकंद रेकॉर्डिंगमध्ये कळतही नाहीत, पण नुसत्या कॉर्डवर ते फार लांबतात. तिथे चार आवर्तनांच्या जागी एकच ठेवावे. शब्द आणि चाल एवढ्यावरच उभे राहणारे गाणे कोणते, हे पाहायला गिटार खाली ठेवून ते एकदा नुसत्या टाळीवर गाऊन बघा.

अवांतर :
टाळीवर म्हणजे फळीचा प्रश्न उरतच नाही, तेवढे एक बरे झाले.

सहावी तार :
टाळीवर गाऊन पाहिले आणि आणखी पाच गाणी गळाली. त्यांतल्या दोन गाण्यांवर मी तीन महिने घालवले होते, तरी ती काढली. एक गाणे मात्र काढणार नाही, ते सर्वांत खाली जाते आणि टाळीवर अगदीच उघडे पडते, पण मला ते हवे आहे. त्यात सहावी तार ई वरून डी ला उतरवावी लागते. तसे असणारे दुसरेही एक गाणे यादीत आहे. ही दोन कुठे ठेवावीत?

मंद्रसप्तक :
दोन्ही लागोपाठ, आणि विश्रांतीनंतर लगेच. तार विश्रांतीतच उतरवा, म्हणजे लोकांसमोर सूर लावत बसावे लागणार नाही, आणि पहिल्या गाण्यानंतर ती पुन्हा तपासा, कारण उतरवलेली तार थोडी सरकते. खाली जाणारे गाणे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा आणि त्याच्या अंतऱ्यात फक्त पातळ चार तारा छेडा, म्हणजे खालची जागा तुमच्या आवाजाला मोकळी राहील.

कॅपोवाला :
आणि त्या दोन गाण्यांना कॅपो लागत असेल तर तार उतरवल्यावर लावा, आधी नको.