शंभरीच्या पुढचं वजन कमी करायला सुरुवात कशी केलीत? तुमचे अनुभव लिहा

नऊ आठवड्यांपूर्वी माझं वजन १४३ किलो होतं. आज सकाळी १३५.६ भरलं. अजून खूप लांब जायचंय हे माहितेय, तरी धागा आत्ताच काढतोय, कारण ज्यांचं सगळं होऊन गेलंय त्यांच्या गोष्टी भरपूर वाचायला मिळतात, आधीचा फोटो नंतरचा फोटो, मधलं काहीच नाही. पहिल्या महिन्यात नेमकं काय केलं, काय जमलं नाही, कुठे अडलं हे फार कमी लोक सांगतात आणि माझ्यासारख्याला गरज त्याचीच असते.

माझं असं झालं, घरचा काटा १३० पर्यंतचा, काडी शेवटाला जाऊन टेकायची आणि मी धरून चालायचो की १३०-१३२ असेल. दवाखान्यात १४३ आलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं, पण मला घरी येईपर्यंत काही सुचत नव्हतं. त्याआधी मी तीनदा 'सोमवारपासून' सुरू केलं होतं. दर वेळी तासभर चालणं, रात्रीचं जेवण बंद, गोड बंद, सगळं एकदम, आणि दर वेळी दहाव्या-बाराव्या दिवशी टाचा धरून घरी बसलो. या वेळी डॉक्टरांनी विचारलं, अगदी वाईट दिवस असला तरी किती चालाल? मी म्हटलं पाच मिनिटं. म्हणाले मग पाचच, पण रोज. घरापासून तिसऱ्या विजेच्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या दिवशी दुसऱ्याच खांबाला हात टेकून उभा राहिलो होतो, मागून एक आजोबा आले आणि पुढे निघून गेले. आता विसाव्या खांबापर्यंत जातो, २५ मिनिटं लागतात.

एक गोष्ट नवीन लोकांसाठी. पहिल्या आठवड्यात ३ किलो उतरले, ते बरंचसं पाणी होतं. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरलं जातं आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सुटतं. पुढे आठवड्याला अर्धा किलो, कधी थोडं जास्त. हे आधी माहीत नव्हतं म्हणून मागच्या वेळी दुसऱ्या आठवड्यात काटा बघून हातपाय गळाले होते.

तुमची सुरुवात कशी झाली ते लिहा, छोटं असलं तरी चालेल.

*

दादा, खांबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझी सुरुवात चहापासून. वजन १०८ आणि मी सगळ्यांना शपथेवर सांगायचे की मी काहीच खात नाही, खरंच जेवण कमी होतं माझं. आहारतज्ज्ञ बाईंनी तीन दिवस फक्त लिहून आणायला सांगितलं, बदलायचं काही नाही, खाल्लेलं आणि प्यायलेलं दोन्ही लिहायचं. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, ५०-६० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम, मी त्याच्या दुपटीवर फक्त चहात होते, बिस्किटं वेगळीच. एकदम बंद नाही केली कारण बंद केलेलं मला कधी टिकत नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला, दोन महिन्यांत बिनसाखरेवर आले आणि कपही तीनवर आले. आता कुणाकडे गोड चहा मिळाला तर घशाखाली उतरत नाही. दीड वर्ष झालं, ८९ आहे. चहानंतर मग बाकीच्या गोष्टी आल्या, पण पहिली हीच, आणि लिहून काढायची वही अजून चालू आहे.

*

गुडघ्यांमुळे ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी लिहितेय. वय ५८, वजन ११९, दोन्ही गुडघ्यांची झीज. सगळे म्हणायचे चाला आणि मला जिना चढताना रडू यायचं. फिजिओथेरपिस्टने खुर्चीपासून सुरू केलं. हात न टेकता उठायचं, बसायचं, पहिल्या दिवशी चार वेळा जमलं. पाय सरळ करून पाच आकडे धरून ठेवायचा. जवळ तरणतलाव असेल तर छातीएवढ्या पाण्यात चालणं हे वरदान आहे, पाणी अंगाचं वजन उचलून धरतं. त्यांनी एक सांगितलं ते मी आरशाला चिकटवून ठेवलंय, अंगाचं १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोंच्या आसपास कमी होतो. माझे ६ किलो गेलेत. जिना अजून सावकाशच चढते पण कठडा एकाच हाताने धरते.

*

रात्रपाळी. बारा वर्षं. सकाळी आठला झोपायचो, बाराला उठायचो आणि दिवसभर काहीतरी खात राहायचो. बायको म्हणायची घोरता घोरता तुमचा श्वास थांबतो, मी मनावर घेतलं नाही. शेवटी झोपेची तपासणी केली, स्लीप ॲप्निया निघाला, तासाला ४१ वेळा श्वास अडखळत होता. मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावून झोपायला लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की दुपारची ती खा-खा राहिलीच नाही. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. आहार-व्यायाम काहीही सुरू करायच्या आधी ज्यांना घोरण्याचा त्रास आहे, दिवसा गाडी चालवताना डुलकी येते, त्यांनी कृपया ही तपासणी करून घ्या. मी दहा वर्षं स्वतःला आळशी समजत होतो.

*

इथे लिहू की नको असा दोन दिवस विचार करतेय.

माझं वजन वाढलं ते डाएट करून. हो, डाएट करूनच. कॉलेजपासून मी दिवसभर उपाशीपोटी राहू शकते, सकाळी काही नाही, दुपारी काकडी, संध्याकाळी काही नाही, आणि रात्री अकरानंतर घरातले झोपले की स्वयंपाकघरात दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात, उभ्या उभ्या, चव कळायच्या आत संपवायचं. डबे रिकामे दिसू नयेत म्हणून उरलेलं हलवून वर आणून ठेवायचं. सकाळी परत उपास, कारण रात्रीचं फेडायचंय. असं तेरा वर्षं. ६४ चे ११७ झाले.

कुणालाच माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे जिभेवर ताबा ठेव, आणि मीही तेच म्हणत होते. एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं की रात्री काय होतं. मग समुपदेशकांकडे गेले. याला बिंज इटिंग म्हणतात, हा आजार आहे, त्याच्यावर उपचार आहेत, हे ऐकून मी त्यांच्यासमोर किती वेळ रडले मला आठवत नाही. त्यांनी पहिलं काम दिलं ते सकाळी खायचं. वजन कमी करायला आलेल्या बाईला सांगतात दिवसातून तीन वेळा जेवा, दोन वेळा मधलं खा, चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवू नका. मला वाटलं आता १३० होईल. पहिला महिना भीतीतच गेला, दीड किलो वाढलंही. पण रात्रीचं जे रोज व्हायचं ते आठवड्यातून दोनदा, मग पंधरा दिवसांतून एकदा असं झालं. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसूल करतं, एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

काटा मी घरात ठेवत नाही. तीन महिन्यांतून एकदा त्यांच्याकडेच बघतात. मागच्या वेळी १०९ होतं. कुणाला हे ओळखीचं वाटत असेल तर आधी याच्यावर मदत घ्या, मग वजनाचं बघा. उपाशी राहण्याचे सल्ले अशा माणसाला देऊ नका, हात जोडून सांगते.

*

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. माझ्या बहिणीला दाखवते.

*

मधुमेह असणाऱ्यांनी हे वाचाच. मी उत्साहात जेवण निम्मं केलं आणि संध्याकाळी पाऊण तास चालायला लागलो, गोळ्या मात्र त्याच. सहाव्या दिवशी रस्त्यात घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचं दिसेना. ओळखीच्या एकाने धरून बसवलं आणि साखरेचं पाणी दिलं. घरी येऊन शुगर बघितली तर तरीही ६८. मी ग्लिमेपिराइड घेत होतो. ही गोळी तुम्ही जेवा नाहीतर न जेवा, इन्सुलिन सोडायला लावते, खाणं कमी केलं तर डोसही बघावा लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तेच. डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला, चार महिन्यांनी बंदच केली. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही, वजन उतरायला लागलं की उठताना चक्कर येत असेल तर तपासून घ्या. मनाने गोळ्या बंद करू नका आणि मनाने जेवणही निम्मं करू नका, आधी सांगा. खिशात ग्लुकोजची पुडी असतेच माझ्या आता.

*

मी वजनवाली नाही, माझ्या मिस्टरांचं १२६ होतं. बायकोच्या बाजूनेही कोणीतरी लिहावं म्हणून लिहितेय. मी वर्षानुवर्षं बोलत होते, अहो आता पुरे, अहो हे नको, पाहुण्यांसमोरसुद्धा. काळजीनेच बोलायचे, पण त्यांचं खाणं त्यामुळे बाहेर गेलं, गाडीत, ऑफिसात. एकदा गाडीच्या सीटखाली कागद सापडले आणि मला स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून बोलणं बंद केलं. त्यांना विचारलं, मी काय करू? म्हणाले, पातेली टेबलावर ठेवू नको, ओट्यावर ठेव, आणि माझ्याबरोबर सावकाश जेव. पोट भरल्याचं कळायला साधारण वीस मिनिटं लागतात आणि ते सात मिनिटांत उठायचे. आता आम्ही दोघं टीव्ही बंद करून जेवतो, त्यांना दुसऱ्यांदा हवं असेल तर उठून घ्यावं लागतं, बहुतेकदा नाही उठत. ११ किलो कमी झालेत. त्याहून मला बरं वाटतं ते हे की आता लपवत नाहीत.

*

मी इंजेक्शन घेते, सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सांगायला भीती वाटते कारण लगेच 'शॉर्टकट' म्हणतात. १३४ वरून ११५. डोक्यात दिवसभर चालणारा खाण्याचा विचार थांबला, एवढं ते करतं, बाकी माझं मलाच करावं लागतं. मळमळ होते, सुरुवातीला फार झाली. प्रथिनं मुद्दाम खावी लागतात आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. बंद केल्यावर, अभ्यासात तरी, गेलेल्या वजनातलं सरासरी दोनतृतीयांश वर्षभरात परत आलेलं दिसलंय, म्हणून सवयी आत्ताच लावतेय, भूक शांत आहे तोवर.

*

पाच आठवडे काटा ९८.४ वर अडकलाय. सुरुवात ११३ पासून. आधी फार चिडचिड झाली, मग समजून घेतलं. १५ किलोंचं ओझं गेलं म्हणजे ते वाहून न्यायला लागणारी ताकदही वाचली, त्यामुळे आधी ज्या खाण्यावर वजन उतरत होतं त्यावर आता ते स्थिर राहतं. शिवाय पाळीच्या आधी माझं दीड-दोन किलो पाणी साठतं, म्हणून मी या सोमवारची मागच्या सोमवारशी तुलना करणं सोडलं, मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करते. कमरेची पट्टी मात्र या पाच आठवड्यांत ३ सेंटिमीटर आत आलीय.

आणि ते '२१ दिवसांत सवय लागते' डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास आहे, २००९ साली आलेला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्यातच असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. मी २२ व्या दिवशी सोडणाऱ्यातली होते, हे वाचल्यावर सोडलं नाही.

*

मी अजून काहीच सुरू केलेलं नाही. ११२ किलो, वय ३४. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. थायरॉईड आणि शुगर कधीच तपासलेली नाही कारण दवाखान्यात काट्यावर उभं राहायचं नव्हतं. आज फोन करून गुरुवारची वेळ घेतलीय. खूप भीती वाटतेय, खरं सांगते.

*

ताई, वेळ घेतलीत म्हणजे सुरू झालंच की. घरात ज्या काही गोळ्या घेत असाल त्या सगळ्या लिहून न्या, झोपेच्या, डोकेदुखीच्या, मनाच्या, कसल्याही, काही औषधांनी वजन वाढतं आणि डॉक्टरांना ते माहीत असायला हवं. घोरता का, पाळी नियमित आहे का, तेही आधीच कागदावर लिहून ठेवा, समोर बसल्यावर आठवत नाही. शुगरसाठी उपाशीपोटी यायचं का ते फोनवरच विचारून घ्या. आणि काट्यावर आकडा बघायचा नसेल तर पाठ करून उभं राहता येतं, मी दुसऱ्या वेळेला तसंच केलं होतं, नर्सना सांगितलं, त्यांनी काही न विचारता लिहून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी मी इथे येऊन बघेन. दोन ओळी तरी लिहा.