टाके घातलेला झेंडा: जाहिरात नेमकी कोणासाठी?

प्रश्न: ‘ट्वेंटी-एट टू मेनी’ या ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या २०१४ सालच्या भित्तिचित्रांत ब्रिटनचा झेंडा मधोमध फाटलेला आणि जाड दोऱ्याने ओबडधोबड शिवलेला दिसतो, स्त्रियांच्या जननेंद्रियांचे विच्छेदन ‘इथेही घडते’, एवढाच त्याचा आशय. अशा धक्क्याने एखादी मुलगी खरोखर वाचते का?

प्रतिसाद १: ही प्रथा पाळणाऱ्या घरांसाठी हे चित्र नव्हतेच, असे मला वाटते. ब्रिटनमध्ये १९८५ पासून याविरुद्ध कायदा असूनही पहिली दोषसिद्धी २०१९ मध्ये झाली. तेव्हा शिक्षक, डॉक्टर आणि शेजारी यांची ‘हे आफ्रिकेतले प्रकरण’ ही समजूत मोडणे, हेच त्याचे काम होते.

प्रतिसाद २: मुंबईच्या दाऊदी बोहरा समाजातील मुलींचा ‘खतना’ (याच प्रथेचे तिथले रूप) पाहिला, तर मात्र झेंडा उपयोगाचा नाही. साधारण सात वर्षांच्या मुलीला काहीतरी निमित्त सांगून घेऊन जाणारी व्यक्ती पुष्कळदा आजी किंवा मावशीच असते, आणि तिला गुन्हेगार ठरवणारे चित्र दिसताच घराचे दार बंद होते (आपणही तेच केले असते). म्हणूनच या प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या ‘सहियो’ या संस्थेने रमजानच्या काळात प्रत्येकीने ओळखीच्या एका तरी व्यक्तीशी याविषयी बोलावे, असे आवाहन केले. त्याला खर्च जवळजवळ नाही. धीर मात्र लागतो.

प्रतिसाद ३: दोन्ही मान्य. पण जाहिरातीत हेल्पलाइनचा क्रमांक ठळक हवा; घाबरलेली मुलगी रूपक उलगडत बसणार नाही.