निरपराध माणसावर दुःख कोसळलं, तर त्यानं प्रार्थना कशी करायची?

प्रश्न
आजारी किंवा शोकात असलेल्यांना भेटायला जाणाऱ्यांच्या वतीने विचारतोय. कुणाचं वाईट केलेलं नसताना मूल दगावतं, बरा न होणारा आजार जडतो. अशी माणसं म्हणतात, "देव आहे, पण त्याच्यापुढे हात जोडवत नाहीत." त्यांना नुसतं 'श्रद्धा ठेवा' सांगून भागत नाही. रोज नेमकं काय करायला सुचवावं? आणि आपण काय बोलू नये?

प्रतिसाद १
काय बोलू नये ते आधी. 'देव परीक्षा बघतोय', 'यातूनही काही चांगलंच होईल', 'मागच्या जन्माचं असेल'. यातलं कुठलंही वाक्य ऐकलं की समोरच्याला कळतं, आता इथे खरं बोलायची सोय नाही. मग तो गप्प होतो, आपल्याशीही आणि देवाशीही.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या निरपराध माणसावर दुःख कोसळतं. त्याचे तीन मित्र आधी ७ दिवस ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, अवाक्षर काढलं नाही. तोवर ठीक होतं. नंतर त्यांनी हिशेब मांडला: देव न्यायी आहे, तू भोगतोयस, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलंय. देव ईयोबालाही खडसावतो, पण दुःखाचं कारण म्हणून त्याचं एकही पाप दाखवत नाही. आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देवाचा कोप होतो तो देवाची बाजू घेणाऱ्या या मित्रांवर!

म्हणून पहिल्या भेटीत कारणमीमांसा नको. जा, बसा, मयत मुलाचं नाव घ्या. लोक नेमकं तेच टाळतात.

प्रतिसाद २
रोजच्यासाठी बायबलमधल्या स्तोत्रांच्या म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं स्तोत्र १३ घ्या. अवघ्या ६ ओव्या आहेत. पहिल्या दोनांत 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

आधी देवाला हाक मारायची, कारण तक्रार त्याच्याकडेच आहे. मग तक्रार, आणि तीही नेमकी. 'मला शक्ती दे' असलं गुळमुळीत नको. 'रात्री तीनला जाग येते, मुलाचा बिछाना रिकामा दिसतो, तू कुठे होतास?' असं. मग आजच्यापुरतं एकच मागणं: आज जेवण जावं, आज झोप लागावी. पाच-दहा मिनिटं पुरेत. तासभर बसलं की तेच विचार गोल गोल फिरत राहतात.

प्रतिसाद ३
वरच्या क्रमाला एक पुस्ती जोडतो. शेवटचा भरवशाचा भाग जबरदस्तीने लिहायला लावू नका. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते: माणसाला वाटतं, भरवसा मनात येत नाही म्हणजे आपली श्रद्धाच गेली. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते प्रार्थनांच्या पोथीतच ठेवलंय.

तुकोबांचंही तेच. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला. त्यांच्या गाथेत देवाशी कडाडून भांडणारे अभंग आहेत, आणि ते भक्तीबाहेरचे कुणी मानत नाही. देवाशी भांडणारा माणूस त्याच्याशी बोलतोय. काळजी करावी ती बोलणंच थांबलं तर.

प्रश्नकर्ता
आणि बोलणं खरंच थांबलं असेल तर?

प्रतिसाद २
मग त्याच्याकडून प्रार्थनेची अपेक्षाच काही दिवस बाजूला ठेवा. "तुमच्यासाठी आम्ही म्हणतो, तुम्ही नुसते बसा," एवढं सांगा. तेही नको असेल तर आपल्या घरी म्हणा, त्याला कळवायचीही गरज नाही.

एक मात्र लक्षात असू द्या. झोप, भूक, रस घेणं सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलं असेल, तर डॉक्टरकडे घेऊन जा. आणि 'जगायचं नाही' असं तोंडून आलं तर दोन आठवडे वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जा. त्याला एकटं सोडू नका. औषध घेतल्याने श्रद्धा कमी ठरत नाही, हे त्याच्या घरच्यांनाही स्पष्ट सांगा. बऱ्याचदा आडकाठी तिथून होते.